पिकअप घेताना चौथे वर्ष विचारा



हुडकेश्वरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे शौहर गेली नऊ वर्षे दुसऱ्याची पिकअप चालवतात. हुडकेश्वर, नरसाळा, बेसा, पिपळा या बाजूला नवी घरे उठत आहेत, तिथे टाइल्स आणि नळ-फिटिंगचा माल पोहोचवतात. मिरचीच्या हंगामात भिवापूरहून कळमना मार्केटला फेऱ्या असतात. आता स्वतःची गाडी घ्यायची ठरले आहे. व्याजात पडायचे नाही, म्हणून नवी गाडी हप्त्यावर न घेता जुनी, पण रोखीने. अर्धे पैसे शौहरच्या बचतीचे. उरलेले अर्धे या भगिनींच्या बांगड्यांचे.

समोर दोन गाड्या आहेत. एक २०१९ची बोलेरो पिकअप, दुसरी २०२१ची अशोक लेलँड दोस्त. किंमत जवळपास सारखी. शौहर म्हणतात, तेवढ्याच पैशात दोन वर्षे नवी मिळते तर जुनी कशाला? नंदोई म्हणतात, डोळे मिटून बोलेरो घे. आठ दिवस जेवताना हाच वाद चालू आहे. भगिनींनी शेवटी लिहिले आहे : ‘गाडीतले दोघांनाही कळते, पण बांगड्या माझ्या आहेत. टिकेल कोणती?’

आपा, तुमच्या प्रश्नात ‘टिकेल’ हा शब्द आहे, आणि दोघांचा वाद नेमका त्याच शब्दावर अडला आहे. शौहर टिकणे म्हणजे गाडीचे वय धरतात. नंदोई टिकणे म्हणजे कंपनीचे नाव धरतात. ज्या घराची रोजी गाडीवर आहे, त्या घराने तिसरीच गोष्ट मोजायची असते. ही गाडी वर्षातले किती दिवस उभी राहील?

हिशेब करून बघा. आकडे माझे आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा डिझेल, हमाली, चहापाणी वजा जाता दिवसाला १,५०० रुपये हातात पडतात. एक गाडी वर्षात दहा दिवस दुरुस्तीला उभी राहते, दुसरी तीस दिवस. फरक वीस दिवसांचा, म्हणजे वर्षाला ३०,००० रुपये. दुरुस्तीचे बिल यात धरलेलेच नाही. शिवाय टाइल्सचा दुकानदार तीस दिवस वाट पाहत नाही. तो दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी बोलावतो, आणि ती वेळेवर येते असे दिसले की पुढच्या महिन्यातही तिलाच फोन करतो. चांगले इंजिन असलेली गाडीसुद्धा अशी घर बसवू शकते.

याचा मोठा दाखला आपल्याच राज्यात घडला आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने हलक्या ट्रकसाठी जपानी कंपन्यांना दार उघडले. चार जोड्या जमल्या : डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निसान, स्वराज-माझदा, आयशर-मित्सुबिशी. यंत्र म्हणून त्या गाड्या उत्तम होत्या. टोयोटाचे नाव तर आजही टिकाऊपणासाठी जगभर घेतले जाते. त्यांच्या समोर १९८६ मध्ये पुण्याच्या टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, स्वतःची ४०७ उभी केली. जपान्यांच्या तुलनेत ती ओबडधोबड होती, पण ती इथल्या रस्त्यांसाठी आणि इथल्या ओझ्यासाठी बांधलेली होती. तिचे सुटे भाग इथेच बनत आणि तालुक्याच्या गावीही मिळत. जपानी गाड्यांचे बरेच भाग बाहेरून यायचे. १९८५ नंतर येनचा भाव चढत गेला आणि ते भाग महागले. बाजार ४०७ने घेतला.

पुढे काय झाले? ऑल्विन-निसान महिंद्राने घेतली. डीसीएम-टोयोटातून टोयोटा बाहेर पडली, तो कारखाना कोरियाच्या देवूकडे गेला आणि देवूही इथे टिकली नाही. आयशर आणि स्वराज वेगळ्या वाटांनी तगल्या. ४०७ मात्र आजही उमरेड रोडवर दिसते. म्हणजे जगातली सर्वात भरवशाची कंपनी इथे आली, चांगली गाडी दिली आणि निघून गेली. मागे राहिलेल्या मालकाला त्या भरवशाचा काय उपयोग?

हे लिहिताना एक व्हिडिओ आठवला, तो मुले मोबाइलवर बघतात. ब्रिटनच्या टॉप गिअर कार्यक्रमाने २००३ मध्ये एक जुनी टोयोटा हायलक्स समुद्रात बुडवली, जाळली, पाडायच्या इमारतीच्या छतावर ठेवून इमारत उडवली, तरी ती सुरू झाली. बघायला मजा येते. पण भारतात हायलक्स २०२२ मध्ये आली ती तीस लाखांच्या वर. भिवापूरची मिरची तिच्यातून आणायची तर मिरची सोन्याच्या भावाने विकावी लागेल. आपल्याला आपल्या पल्ल्यातल्या गाड्यांतून निवडायचे आहे.

आता तुमच्या दोन गाड्या. बोलेरो पिकअपला चार सिलिंडरचे अडीच लिटरचे इंजिन आहे. दोस्तला तीन सिलिंडरचे दीड लिटरचे. दोस्त हलकी आहे, गल्लीत पटकन वळते, डिझेल कमी पिते. २०११ मध्ये अशोक लेलँडने निसानबरोबर ती आणली. पाच वर्षांनी निसान भागीदारीतून बाहेर पडली, पण ४०७च्या त्या जपानी भावंडांसारखे झाले नाही. लेलँडने गाडी चालू ठेवली, वाढवली. त्यामुळे ‘परदेशी भागीदार गेला, आता पार्ट मिळणार नाहीत’ असे कोणी सांगत असेल तर त्यात तथ्य नाही.

बोलेरो पिकअपची गोष्ट वेगळी आहे. दोन ते साडेतीन टनांच्या गटात देशात निम्म्याहून अधिक गाड्या महिंद्राच्या विकल्या जातात. याचा अर्थ ती निर्दोष आहे असा होत नाही. याचा अर्थ एवढाच की तिचा क्लच, तिचे पाटे, तिचा वॉटर पंप उमरेडच्या दुकानातही टांगलेला असतो, आणि ज्या मिस्त्रीने तीच गाडी शंभर वेळा उघडली आहे त्याला एकशे एकाव्या वेळी विचार करावा लागत नाही. नंदोईंचे म्हणणे बरोबर आहे, पण कारण बहुधा त्यांनी दुसरेच दिले असेल. नागपुरात महिंद्राचे नाव आपलेपणाने घेतात, हिंगण्याला त्यांचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे म्हणूनही असेल. आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच माहीत असेल की १९४५ मध्ये ही कंपनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झाली. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. आठवण म्हणून ठीक आहे. आपलेपणाने मात्र क्लच प्लेट स्वस्त होत नाही.

शौहरच्या म्हणण्यातही एक तथ्य आहे, आणि एक अडचण. माल वाहतुकीच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेस करावा लागतो, त्यानंतर दरवर्षी. महाराष्ट्रात आठ वर्षांनंतर पर्यावरण करही लागतो. २०१९ची गाडी २०२७ मध्ये आठ वर्षांची होईल, २०२१ची २०२९ मध्ये. ही दोन वर्षे खरी आहेत, ती हिशेबात धरावीत.

अडचण अशी की १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झाले. म्हणजे तुमच्या दोन गाड्यांत दोनच वर्षांचे अंतर असले तरी मधे एक भिंत आहे. २०१९ची बीएस-४ आहे, २०२१ची बीएस-६. बीएस-६ डिझेल गाडीचा धूर स्वच्छ करण्यासाठी सायलेन्सरच्या वाटेवर जास्तीची यंत्रणा आणि सेन्सर असतात. हवा स्वच्छ राहते हे चांगलेच आहे. उमरेड रोडच्या धुळीत आणि कोळशाच्या ट्रकांमागे राहणाऱ्या मुलांच्या छातीला त्याची किंमत कळते. पण ज्या गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, तिला मधून मधून लांब आणि गरम धाव लागते. तेव्हाच साठलेली काजळी जळते. दिवसभर हुडकेश्वर ते मानेवाडा असे दोन-तीन किलोमीटरचे तुकडे, मधे अर्धा तास माल उतरवणे, अशा कामात फिल्टर भरतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग पान्याने काम होत नाही, संगणक जोडून बघणारा मिस्त्री लागतो. तेलही ठरावीक दर्जाचेच घालावे लागते. शौहर आठवड्यातून एकदा भिवापूरला भरलेली गाडी नेत असतील तर हा त्रास बराच टळेल. फक्त वस्तीतल्याच फेऱ्या असतील तर हा मुद्दा गंभीरपणे घ्या.

माझ्या घरचा अनुभव सांगतो. धाकट्या भावाने एक गाडी घेतली होती, कंपनीचे नाव लिहीत नाही. चालायला इतकी छान की आम्ही सगळ्यांना तीच घ्या म्हणून सांगत सुटलो. तीन वर्षे एक तक्रार नाही. चौथ्या वर्षी ऐन लग्नसराईत इंजिनचा कंट्रोल बॉक्स गेला. भाग शहरात नव्हता. आज येतो, उद्या येतो करत तेवीस दिवस गाडी उभी. मंडपवाल्याचे काम गेले ते गेलेच. भाऊ त्या तेवीस दिवसांत रोज वर्कशॉपच्या दारात जाऊन बसायचा, घरी बसवत नव्हते म्हणून. बिल त्याने फेडले. पण मंडपवाला पुन्हा आला नाही. तेव्हापासून कोणी गाडीची तारीफ केली की मी विचारतो, घेऊन किती वर्षे झाली? वर्षभराचा मालक सांगतो ते शोरूमचेच बोल असतात. चार वर्षांचा मालक गाडीबद्दल सांगतो.

अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स नावाचे जुने मासिक दरवर्षी हजारो मालकांना विचारून कोणती गाडी किती बिघडते ते छापते. आपल्याला ते काम स्वतः करावे लागते, आणि नागपुरात ते कठीण नाही. शौहरना सांगा, दोन दिवस फज्र पढून थेट कळमन्याला जा. भाजी आणि फळांच्या गाड्या तेव्हा माल उतरवून उभ्या असतात, चालक चहा घेत असतात. एमएच-४० म्हणजे ग्रामीणच्या गाड्या, त्या खराब रस्त्यांवर चालतात, त्यांच्या चालकांना आधी विचारा. कोणती गाडी चांगली, असे विचारू नका. प्रत्येकजण आपलीच सांगेल. विचारायचे ते हे : गेल्या वर्षभरात किती दिवस उभी होती? शेवटचा मोठा खर्च कशाचा झाला? तो भाग कुठून आणला आणि किती दिवसांत आला? अशी दहा बोलेरो आणि दहा दोस्तची उत्तरे वहीत लिहा. ही वही नंदोईंपेक्षाही आणि माझ्यापेक्षाही जास्त शहाणी असेल.

यानंतर मात्र कंपनी विसरा आणि ती एक गाडी बघा. जुन्या गाडीत कंपनीपेक्षा आधीचा मालक मोठा असतो. बघायला सकाळी जा, आणि आपण पोहोचण्याआधी गाडी सुरू करू नका असे आदल्या दिवशी सांगून ठेवा. बोनेटला हात लावा. गरम लागले तर काहीतरी लपवायचे आहे. थंड इंजिन एका दमात सुरू व्हायला हवे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, कधी साधा एअर फिल्टर असतो, कधी महागडे इंजेक्टर. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत जाते आहे, तिथून सलाम करून निघा. इंजिन चालू ठेवून तेलाचे झाकण उघडायला मिस्त्रीला सांगा. झाकणातून जोराने हवा फेकत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, इंजिनचे काम जवळ आले. रेडिएटरमध्ये रंगीत कूलंट आहे की गंजलेले पाणी, तेही बघा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या वर जातो. साध्या पाण्यावर चालवलेल्या गाडीचे हेड गॅस्केट अशाच दुपारी जाते.

आणि खाली वाका. पाट्यांत जास्तीचे पान घातले असेल, चेसिसवर वेल्डिंगचे टाके असतील, तर ती गाडी आयुष्यभर दुप्पट ओझे वाहत आली आहे. तिचा मीटर काहीही सांगो. टाइल्सच्या धंद्यात हे फार होते. पेटी दिसते छोटी, वजन असते दगडाचे. दीड टनाच्या गाडीत अडीच टन घालून वर्षभर चालवले तर कोणत्याही कंपनीची गाडी चौथ्या वर्षी रडते. उद्या तुमच्या गाडीलाही हेच लागू आहे. जादा ओझ्याचा दंड आता २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहे. पण दंड कधीतरी होतो. ओझे क्लच, बेअरिंग आणि ब्रेकला रोज खाते.

विकणाऱ्याला स्पष्ट विचारा, यात काय दोष आहे? रसूलुल्लाह (स.) यांनी मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. ओले भाग वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. ढिगात हात घालणे म्हणजे विकणाऱ्यावर संशय घेणे नव्हे. आपल्याकडे मुरव्वतीपोटी, विशेषतः विकणारा ओळखीचा किंवा नात्यातला असला तर, लोक बोनेटही उघडत नाहीत. मग वर्षभर एकमेकांच्या घरी जाणे बंद होते.

कागदांचे थोडक्यात. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर फायनान्सचे एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फिटनेस, विमा, थकलेले चलान हे परिवहन विभागाच्या अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून दिसते. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. विमा नावावर करण्यासाठी चौदा दिवसांच्या आत अर्ज करा. परमिटचेही बघा : एकूण वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून, ३,००० किलोंपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. वर असेल तर लागते. हा आकडा आरसीवर छापलेला असतो. लायसन्सची काळजी नको, साध्या एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोंपर्यंतची माल गाडी चालवता येते, असे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

मला विचाराल तर टाइल्सचे ओझे आणि भिवापूरचा रस्ता या कामासाठी मी बोलेरोकडे झुकेन, तिची दोन वर्षे जास्त झाली असूनही. मोठे इंजिन ओझ्याखाली कमी दमते, भाग जवळ मिळतो, आणि चार वर्षांनी विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक दारात येते. पण त्या २०१९च्या गाडीचे पाटे जोडलेले निघाले आणि २०२१ची दोस्त एखाद्या बेकरीच्या किंवा औषधांच्या हलक्या मालाची, एकाच हाताची निघाली, तर मी शौहरच्या बाजूने होईन आणि नंदोईंना चहा पाजेन. फक्त दोस्त घेतलीत तर ओझे तिच्या मापाचेच ठेवायचे, आणि संगणक जोडणारा मिस्त्री आधी शोधून ठेवायचा. दोन्ही नापास झाल्या तर बांगड्या पेटीत राहू द्या. गाड्या रोज विकायला निघतात.

आता बांगड्यांचे. आपा, शरीअतमध्ये बायकोचे सोने बायकोचे असते, त्यावर शौहरचा हक्क नाही. तुम्ही ते खुशीने देत आहात, अल्लाह कबूल करो. पण देताय ते भेट म्हणून, उधार म्हणून की भागीदारी म्हणून, हे आजच ठरवा. उधार असेल तर लिहून ठेवा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सूरह अल-बकराच्या २८२व्या आयतीतच सांगितले आहे, आणि तिथे नवरा-बायकोला सूट दिलेली नाही. ग्रॅम लिहा, रुपये नाही. सोन्याचा भाव कुठे जाईल सांगता येत नाही. भागीदारी असेल तर आरसी तुमच्या नावावर घ्या. शौहर चालवतील, मालक तुम्ही. विमा घेताना मालकाचा वैयक्तिक अपघात विमा आणि पगारी चालकाचा विमा हे वेगळे असतात, हे लक्षात ठेवा. गाडी तुमच्या नावावर असेल तर शौहरसाठी वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागेल. एजंट आपणहून सांगेलच असे नाही.

बांगड्यांच्या पैशांतून साधारण दहावा हिस्सा बाजूला काढा आणि गाडीच्या किमतीत घालू नका. जुनी गाडी घरात आली की पहिल्या दोन महिन्यांत तेल, फिल्टर, बेल्ट, बॅटरी, दोन टायर असे काही ना काही निघतेच. तो पैसा नसला की लोक ‘चालतेय तोवर चालवू’ म्हणतात. शौहर कळमन्याला जातील तेव्हा ती वही तुम्ही तयार करून द्या, तीन रकाने पाडून.